जागा सोडली तरी ब्रॉडबँडचं बिल येत राहतं: काय करायचं, कोणत्या क्रमाने

सातरस्ता
शनिवार, सकाळी १०:१२

मुंबईत जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. इमारत रिकामी होते, विजेचे मीटर निघतात, फायबरची वायर जिन्यात लोंबकळत राहते आणि ब्रॉडबँडचं बिल दर महिन्याला येतच राहतं. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपून दुसरीकडे गेलेल्यांचंही तेच, कारण नव्या इमारतीत त्या कंपनीची लाइनच नसते. हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने येतो आणि उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून एका जागी लिहितो आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

बहुतेक जण अडकतात ते इथे: वापर थांबला म्हणजे खातं बंद झालं असं होत नाही. पोस्टपेडमध्ये मासिक भाडं कनेक्शनचं असतं, वापरलेल्या जीबीचं नाही. राउटर काढून माळ्यावर टाकला तरी कंपनीच्या बिलिंगला त्याचा पत्ता नसतो. बंद करण्याची विनंती कंपनीच्या नोंदीत ज्या दिवशी चढते, तिथून पुढचं सगळं मोजलं जातं. गल्लीतल्या केबलवाल्याला तोंडी सांगितलं, त्याने मान डोलावली, पुढच्या महिन्यापासून तो पैसे मागायलाही आला नाही, तरी ही नोंद झालेली नसते. तो फक्त वसुली आणि वायरचं काम बघतो. खातं कंपनीकडे असतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. थेट 'बंद करा' म्हणण्याआधी 'नव्या पत्त्यावर हलवा' अशी शिफ्टिंगची विनंती टाका. नव्या पत्त्यावर लाइन पोचत नसेल तर कंपनी स्वतःच 'नॉट फीजिबल' असा शेरा मारून ती विनंती बंद करते. तो एसएमएस किंवा ईमेल जपून ठेवा. ग्राहक मध्येच सोडून गेला, की कंपनीच सेवा देऊ शकली नाही, हा पुढच्या वादाचा गाभा त्या एका ओळीत ठरतो. मुदत शिल्लक असलेल्या करारात तर या ओळीला फारच किंमत आहे.

त्यानंतर बंद करण्याची विनंती नोंदणीकृत ईमेलवरूनच पाठवा. मजकूर लांबलचक नको: खाते क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल, जुना पत्ता, शिफ्टिंग विनंतीचा क्रमांक आणि तिचा निकाल, सेवा कोणत्या तारखेपासून बंद हवी, उपकरणं कधी आणि कुठून न्यायची, डिपॉझिट कोणत्या खात्यात परत करायचं. कस्टमर केअरला फोन केला असेल तर डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. तक्रार नोंदली की क्रमांक देणं त्यांना बंधनकारक आहे.


तारजोडणी
शनिवार, सकाळी ११:०५

चांगला धागा. तांत्रिक बाजूची भर घालतो.

जागा सोडायच्या दिवशी ओएनटी, म्हणजे फायबर ज्या डब्यात येते तो, काढण्यापूर्वी त्याचे फोटो घ्या. एक फोटो दिव्यांचा. इमारतीतली फायबर आधीच तुटली असेल तर 'लॉस'चा दिवा लाल असतो आणि 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर राहत नाही. याचा अर्थ घरापर्यंत प्रकाशाचा सिग्नलच येत नाही, म्हणजे दोष कंपनीच्या बाजूच्या वायरमध्ये आहे. दुसरा फोटो मागच्या स्टिकरचा: सिरियल नंबर आणि मॅक पत्ता वाचता आला पाहिजे. तिसरा फोटो सगळ्या वस्तू एकत्र मांडून: ओएनटी, वेगळा राउटर असेल तर तो, दोन्हींचे अडॅप्टर, आणि प्लॅनसोबत सेटटॉप बॉक्स दिला असेल तर तो रिमोटसह.

आणखी एक काम बरेच जण विसरतात. खातं बंद झालं की ॲपचं लॉगिनही बंद होतं. त्याआधी शेवटच्या बारा महिन्यांची बिलं पीडीएफमध्ये उतरवून घ्या आणि वापराच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. अमुक तारखेनंतर शून्य जीबी दिसतंय, हा पुरावा नंतर कंपनीकडून मिळवणं फार जिकिरीचं असतं.

पुनर्विकासात पाडकाम करणारे सगळ्यात आधी गच्चीवरच्या आणि जिन्यातल्या वायरी कापतात. तिथेच त्या मजल्यांचा वाटप-डबाही असतो, तो गेला की अख्ख्या विंगचं नेट जातं. घर अजून सोडलं नसेल तर त्या दिवशी लगेच 'सेवा बंद आहे' अशी बिघाडाची तक्रार नोंदवा. बंद करण्याची विनंती वेगळी, बिघाडाची तक्रार वेगळी. दोन्हींचे क्रमांक वेगळे असले पाहिजेत.


कागदोपत्री
शनिवार, दुपारी १२:४०

तारजोडणी यांनी शेवटी सांगितलेल्या वेगळ्या तक्रारीचा थेट फायदा आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, सेवा-गुणवत्तेच्या नियमांत भाडेसवलत ठरलेली आहे. बिघाड ३ दिवसांपेक्षा जास्त आणि ७ दिवसांपर्यंत रेंगाळला तर ७ दिवसांचं भाडं, ७ ते १५ दिवसांत १५ दिवसांचं, १५ दिवसांच्या वर पूर्ण महिन्याचं. ही सवलत बिलात आपोआप येईल असं धरून चालू नका. तक्रार क्रमांक देऊन मागावी लागते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत आणखी दोन मुदती आपल्या कामाच्या आहेत: खातं बंद करायला ७ दिवस आणि बंद झाल्यावर डिपॉझिट परत करायला ४५ दिवस. ईमेलमध्ये या दोन्ही मुदती आकड्यांसह लिहा. समोरच्या माणसाला कळतं की इथे टोलवाटोलवी चालणार नाही.

शेवटचं बिल बरोबर आहे का, हे स्वतः मोजा. उदाहरणार्थ ९९९ रुपयांचा प्लॅन, बिलाचं चक्र दर महिन्याच्या ५ तारखेपासून. १७ जूनला विनंती केली, सात दिवसांनी २४ जूनला बंद झालं. ५ ते २४ जून म्हणजे २० दिवस. ९९९ भागिले ३० म्हणजे दिवसाला ३३.३०. वीस दिवसांचे ६६६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११९.८८, एकूण ७८५.८८. याच्या वर जे काही लावलं असेल त्याचा खुलासा ओळीनिशी मागा. पूर्ण महिन्याचं भाडं आगाऊ आकारलं असेल तर उरलेल्या दिवसांचं भाडं जीएसटीसह परत यायला हवं. नुसतं 'ॲडजस्ट केलं' म्हणतात, पण बंद खात्यात ॲडजस्ट करून ग्राहकाला काय मिळणार? क्रेडिट नोट मागा.


खाडीपलीकडे
शनिवार, दुपारी २:१८

इतका व्याप कशाला? बँकेतून ऑटो-डेबिट बंद करायचं. पैसे मिळाले नाहीत की दोन महिन्यांत कंपनीच लाइन कापते. आपोआप मिटतं.


कागदोपत्री
शनिवार, दुपारी ३:०२

खाडीपलीकडे, कृपया कोणी असं करू नका. तुम्ही चांगल्या हेतूने लिहिलंय, पण यात माणसं अडकतात.

पैसे थांबवल्यावर कंपनी लाइन कापते हे खरं, पण तोवरच्या महिन्यांचं भाडं आणि विलंब शुल्क थकबाकी म्हणून बसतं. पुढे ते वसुली एजन्सीकडे जातं. पोस्टपेड टेलिकॉम खातं क्रेडिट अहवालात दिसू शकतं, आणि घराचं कर्ज घेताना दीड-दोन हजारांची ती नोंद आडवी येते. पुनर्विकासात वाढीव जागेसाठी कर्ज काढणारे लोक आपल्याकडे किती आहेत, विचार करा.

शिवाय ऑटो-डेबिट 'बंद करणं' आणि 'खात्यात पैसे न ठेवणं' यात मोठा फरक आहे. मँडेट, म्हणजे ऑटो-डेबिटसाठी बँकेला दिलेली परवानगी, चालू ठेवून ते परत जाऊ दिलं, तर बँक दर वेळी दंड लावते, आणि पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली त्याला चेक बाउन्ससारखं रूप देता येतं. म्हणून आधी बंद करण्याची विनंती, तिचा क्रमांक हातात, मग मँडेट रीतसर रद्द. यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या ॲपमधून दिलं त्यातून रद्द करता येतं. कार्डावरचं असेल तर बँकेच्या ई-मँडेटच्या पानावर. खात्यावरचं नॅश मँडेट असेल तर नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन, यूएमआरएन, म्हणजे त्या मँडेटचा क्रमांक, लिहून. आणि जेवढं भाडं खरोखर देय आहे, वरच्या उदाहरणातले ७८५.८८, तेवढं स्वतःहून भरा आणि 'वाद नसलेली रक्कम' असं ईमेलमध्ये लिहा. मग थकबाकीदार म्हणायला जागा उरत नाही.


खाडीपलीकडे
शनिवार, दुपारी ३:२०

कलम २५ ची बाजू माहीत नव्हती. वरचा सल्ला मागे घेतो. कोणी फक्त तोच वाचून जाऊ नये.


नऊवारी
शनिवार, संध्याकाळी ६:४४

वर्षाचे पैसे एकदम भरलेले असतील तर? बारा महिन्यांच्या प्लॅनवर दोन महिने फुकट, राउटर फुकट, जोडणी फुकट असं असतं. सहाव्या महिन्यात घर सोडावं लागलं तर कंपनी म्हणते, परतावा नाही. शिवाय जोडणीचा खर्च वसूल करू म्हणते.


कलमकसाई
शनिवार, रात्री ९:३०

नऊवारी, इथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत.

ग्राहकाने मनाने सोडलं तर करारातली अट लागू होते. पण तिथेही भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ७४ आहे: करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. राउटर परत घेऊन वर त्याची पूर्ण किंमतही मागणं वाजवीत बसवणं कठीण.

कंपनी नव्या पत्त्यावर सेवा देऊ शकत नाही, किंवा इमारतच पाडली, तर प्रश्न वेगळा. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणं ही सेवेतली त्रुटी आहे, असं तुम्ही म्हणू शकता. म्हणूनच सातरस्ता यांनी सांगितलेला शिफ्टिंगचा क्रम मोलाचा आहे. हिशेब असा मांडा: भरलेली रक्कम भागिले एकूण महिने, 'फुकट'वाले धरून, गुणिले न वापरलेले महिने. फुकटचे महिने वगळून मोठा आकडा मागू नका. आपली मागणी जितकी रास्त, तितकं समोरच्याला नाकारणं अवघड.

इमारत पाडल्याच्या पुराव्याबद्दल: सोसायटीचं जागा रिकामी केल्याचं पत्र चालतं, पण त्याहून भक्कम कागद म्हणजे विजेचं अंतिम बिल. बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण, मीटर काढल्याची तारीख त्यावर असते. ज्या घरात वीजच नाही तिथे राउटर चालू होता असं कोणी म्हणू शकत नाही.


सातरस्ता
रविवार, सकाळी ८:५५

विजेच्या बिलाचा मुद्दा उत्तम.

आता कंपनीने दाद दिली नाही तर पुढचा जिना. कस्टमर केअरच्या उत्तराने समाधान झालं नाही, किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर त्याच कंपनीतल्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करायचं. फी नाही. त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपिलाचे ईमेल पत्ते ट्रायच्या टीसीसीएमएस पोर्टलवर कंपनी आणि परिमंडळ (दूरसंचार सेवेचं क्षेत्र) निवडून मिळतात. नवी मुंबई आणि कल्याण हे मुंबई परिमंडळातच येतात, त्यामुळे तिथे राहायला गेलात म्हणून 'महाराष्ट्र' निवडू नका.

अपिलात डॉकेट क्रमांक नसेल तर ते पहिल्याच फटक्यात परत येतं. चॅटवरच्या संभाषणाला पुष्कळदा डॉकेट नसतो, तिथे फसगत होते.

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिथे मेल टाकून वाट बघण्यात महिने जातात आणि अपिलाचे ३० दिवस निघून जातात.


अनामिका_के
रविवार, सकाळी १०:३०

भर: दूरसंचार विभागाकडे मात्र तक्रार घेतली जाते, सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. कंपनीची तक्रार आणि अपील या दोन्ही पायऱ्या झाल्या आहेत का हे ते विचारतात, म्हणून दोन्ही क्रमांक तयार ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. ती कंपनीकडे विषय पोचवते, निकाल देत नाही. पण हजार-दोन हजारांच्या बिलाचे वाद पुष्कळदा तिथेच सुटतात, कारण कंपनीच्या कस्टमर केअरऐवजी वेगळी टीम ते बघते.

विलेपार्ले-जुहूच्या बाजूला कूपर हॉस्पिटलच्या मागे मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन आहे. कागद घेऊन गेलात तर मार्गदर्शन मिळतं. जाण्याआधी तारीखवार एक पान लिहून न्या: कधी काय घडलं, कोणता क्रमांक, किती रक्कम. त्या एका पानाने अर्धं काम होतं.


कलमकसाई
रविवार, दुपारी १:१५

आणि शेवटी ग्राहक आयोग. 'टेलिफोनचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत' असं अजूनही सांगतात. ते जुनं झालं. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडिया सेल्युलर विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात स्पष्ट केलं की चालतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर 'सेवा'च्या व्याख्येतच टेलिकॉम आहे.

मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येतं, कंपनीचं मुख्यालय कुठे आहे याच्याशी घेणंदेणं नाही. उपनगरांसाठी वांद्रे पूर्वेला. ऑनलाइन दाखल करायचं तर ई-जागृती पोर्टल. दाखल झाल्यावर कंपनीला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही.

मसुद्यात एक चूक टाळा. रागाच्या भरात 'हा करारच अन्यायकारक आहे, रद्द करा' असं लिहाल तर विषय 'अनफेअर काँट्रॅक्ट'चा होतो, आणि तो जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. हजार रुपयांसाठी ते नको. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्यावर ठेवा. मागणी: बिल रद्द, जादा घेतलेली रक्कम व्याजासह परत, 'काहीही थकबाकी नाही' असं पत्र, क्रेडिट अहवालातली नोंद दुरुस्त, आणि खर्च.


नऊवारी
रविवार, दुपारी २:४०

लोक अदालतीची नोटीस आली तर? व्हॉट्सॲपवर येते, वर मोठा शिक्का असतो, आणि ज्येष्ठ माणसं घाबरून लगेच पैसे भरतात.


कलमकसाई
रविवार, दुपारी ४:०५

बरं झालं विचारलंत. यात नीट फरक करायला हवा आणि तो घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगायला हवा.

राष्ट्रीय लोक अदालतीत कंपन्या दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणं ठेवतात. ती तडजोडीसाठी बोलावणी असते, समन्स नाही. लोक अदालत दोघांच्या संमतीशिवाय निर्णय देऊ शकत नाही. गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध हुकूम होत नाही, अटक वगैरे तर दूरच. पण गेलात आणि सही केलीत, तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून तिथे 'थोडं कमी करून मिटवू' म्हणून घाईने सही करू नका. आपला हिशेब आणि क्रमांक घेऊन जा, चूक त्यांची असेल तर शून्य रकमेची आणि 'थकबाकी नाही' अशा शब्दांची तडजोड मागा. प्रत्यक्षात मिळते.

पण नोटिशीवर 'स्थायी लोक अदालत' असेल तर मात्र ती बाजूला टाकू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये लोकोपयोगी सेवांसाठी ही वेगळी व्यवस्था आहे, टेलिफोन त्या यादीत आहे, आणि तडजोड झाली नाही तर ती दोन्ही बाजू तपासून स्वतःच निर्णय देऊ शकते. तिथे हजर राहून लेखी उत्तर द्यायचंच.

नोटीस खरी आहे का हे बघायला त्यावरचा प्रकरण क्रमांक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. नोटिशीत दिलेल्या मोबाइलवर विचारू नका, तो वसुलीवाल्याचा असतो. व्हॉट्सॲपवरच्या क्यूआर कोडवर तर कधीच पैसे भरू नका.


तारजोडणी
रविवार, संध्याकाळी ७:२०

खातेदार वारले असतील तर बंद करण्याच्या अर्जासोबत मृत्यू दाखल्याची प्रत आणि अर्जदाराचं ओळखपत्र लागतं. खातं दुसऱ्याच्या नावावर करायचा पर्याय कंपनी आधी सुचवते. सेवा नकोच असेल तर तिथे 'हो' म्हणू नका, कारण नाव बदललं की नवा करार आणि पुष्कळदा नवी मुदत सुरू होते.

काही महिन्यांपुरतंच बाहेर राहायचं असेल आणि त्याच इमारतीत परत यायचं असेल, तर तात्पुरती स्थगिती मिळते का विचारा. सरकारी लँडलाइनला 'सेफ कस्टडी' म्हणतात. पुनर्विकासाची तीन-चार वर्षं त्यात काढायच्या भानगडीत पडू नका, सरळ बंद करा. नव्या इमारतीत वायरिंग सगळं नव्यानेच होतं.


खाडीपलीकडे
रविवार, रात्री ८:१०

उपकरणं न्यायला माणूस येतो तेव्हा पावती देतो का? आणि जिन्यातून आत आलेली वायर परत द्यावी लागते का?


तारजोडणी
रविवार, रात्री ८:३५

वायर मागत नाहीत, ती तशीच राहू द्या. फक्त टोक वाकवू नका, पुढच्या भाडेकरूला उपयोगी पडते.

पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. बहुधा त्याच्या मोबाइलमध्ये ओटीपी घेऊन काम संपवतात. ओटीपी देण्याआधी त्याच्या स्क्रीनवरचा सिरियल नंबर आपल्या फोटोशी जुळवा. दुसऱ्याच खात्याचा नंबर चढला की 'राउटर परत आला नाही' म्हणून महिन्याभराने शुल्क लागतं. साध्या कागदावर सिरियल नंबर, तारीख, वस्तूंची यादी लिहून त्याची सही घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला त्याचा फोटो मेल करा. तो आलाच नाही तर दोनदा लेखी आठवण करा आणि जवळच्या स्टोअरमध्ये नेऊन द्या, तिथे शिक्का मिळतो.

अडॅप्टर विसरू नका. तो वेगळा मोजतात.